नील पिअर्टचा ड्रमसेट आणि रशचा पुढचा दौरा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय एका ड्रमवादकाबद्दल, त्याच्या अवाढव्य ड्रमसेटबद्दल, आणि तो गेल्यावर त्याच्या बँडनं पुन्हा दौऱ्यावर निघावं की नाही, याबद्दल. बँड कॅनडातल्या टोरांटोचा, नाव रश. माणसं तीन. गेडी ली बास गिटार वाजवतो, गातो, आणि त्यातच सिंथेसायझरही सांभाळतो. अ‍ॅलेक्स लाइफसन गिटारवर. आणि मागे ड्रमवर नील पिअर्ट. गाण्यांचे शब्दही बहुतेक त्याचेच. माणसं तीनच, हे पुन्हा सांगतो, कारण मागचं सामान पाहिलं तर दहा-बाराजण तरी वाजवायला बसणार असं वाटावं.

बास ड्रम, स्नेअर, टॉम, झांजा, एवढं कुठल्याही ऑर्केस्ट्रात आपण पाहतो. पिअर्टभोवती याखेरीज लांब नळ्यांच्या घंटा, धातूच्या पट्ट्यांचं ग्लॉकेनश्पील, लाकडी टेंपल ब्लॉक, काउबेल, विंड चाइम, असं बरंच काही असायचं. 1977 सालचं त्यांचं 'झॅनाडू' ऐका. सुरुवातीलाच त्या घंटा आणि ते ठोकळे आपापली जागा घेऊन येतात. त्याच्या सेटमध्ये जे होतं ते कुठल्या तरी गाण्यात वाजायचं. शोभेसाठी ठेवलेलं नसायचं.

हे मुद्दाम सांगतो, कारण हल्ली आपल्याकडच्या मिरवणुकीत पथकाची ओळख ढोलांच्या आकड्यावरून होते. शंभर ढोल, दोनशे ढोल! अहो, पण ताशा ऐकू येतोय का? पथकाला चालवतो तो ताशा, आणि तोच त्या गदारोळात बुडालेला. असो. हा वेगळा विषय आहे, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

तर पिअर्ट. 1980 च्या दशकात इलेक्ट्रॉनिक ड्रम आले. ते त्यानं पाठीमागे मांडले. आता ते वाजवायचे म्हणजे प्रेक्षकांकडे पाठ. पुढे यावर उपाय निघाला तो फिरत्या चौथऱ्याचा. सगळा सेटच गोल फिरायचा आणि मागची बाजू पुढे यायची. शेवटच्या दौऱ्यासाठी तर नदीच्या तळातून काढलेल्या, सुमारे दीड हजार वर्षं जुन्या रुमानियन ओकच्या लाकडाचे ड्रम करून घेतले होते.

आणि हा शेवटचा दौरा म्हणजे माझी आवडती गोष्ट. साल 2015. दौऱ्याचं नाव 'आर फॉर्टी'. 35 कार्यक्रम. पिअर्ट तेव्हा बासष्ट वर्षांचा. तीन-तीन तास ताकदीनं वाजवायचं, खांदे दुखतायत, पायाला संसर्ग झालेला, घरी लहान मुलगी. त्याला थांबायचं होतं. बाकी दोघांना नव्हतं.

त्या कार्यक्रमाची मांडणी उलट्या कालक्रमाची. आधी नवी गाणी, मग त्याआधीची, मग त्याच्याही आधीची. आणि बँड जसजसा मागे जाई तसतसं कामगार येऊन रंगमंचावरचं सामान एकेक करून उचलून नेत. गाणं चालू, वादन चालू, आणि मागे आवराआवर चालू! मध्यंतरानंतर ओकचा सेट जाऊन त्याजागी 1970 च्या दशकातल्यासारखा, दोन बास ड्रमचा, घंटांचा सेट. शेवटी उरायचं काय, तर शाळेच्या व्यायामशाळेचा देखावा आणि खुर्चीवर टेकवलेला अ‍ॅम्प्लिफायर. सुरुवात केली तेव्हाचे ते.

शेवटचा कार्यक्रम 1 ऑगस्ट 2015, लॉस एंजेलिसचं फोरम हे सभागृह. आता पिअर्टची एक सवय सांगायला हवी. कार्यक्रम संपला की हा ड्रमवरून उठायचा आणि थेट पळायचा. बसमध्ये बसून पसार. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून पुढच्या गावाला. टाळ्या घ्यायला पुढे येणं नाही, हात हलवणं नाही. रंगमंचाचा पुढचा भाग गिटारवाल्यांचा, मागचा आपला, अशी त्यानं मनाशी रेघ आखलेली होती. 1974 पासून ती रेघ त्यानं ओलांडली नव्हती. एकेचाळीस वर्षं, श्रोतेहो. एकेचाळीस वर्षं.

त्या रात्री शेवटचं गाणं झालं. पिअर्ट उठला. आणि पळायच्या ऐवजी सरळ पुढे आला. गेडी आणि अ‍ॅलेक्स प्रेक्षकांकडे तोंड करून उभे, त्यांना पाठीमागून येऊन त्यानं मिठीत घेतलं. 'मी थांबतोय' असं माइकवरून कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. रेघ ओलांडली, सगळ्यांनी पाहिली.

आता यातली खरी गंमत ऐका. त्या रात्रीचं शेवटचं गाणं होतं 'वर्किंग मॅन', बँडच्या 1974 च्या पहिल्या अल्बममधलं. त्या अल्बमवर ड्रम पिअर्टनं वाजवलेलेच नाहीत! ते वाजवले जॉन रट्सी यानं. पिअर्ट त्यानंतर आला, 29 जुलै 1974 ला, गेडी लीच्या वाढदिवशी. म्हणजे पिअर्ट हाच मुळात बदली आलेला ड्रमवादक.

7 जानेवारी 2020 ला तो मेंदूच्या कर्करोगानं गेला. उरलेल्या दोघांनी काही वर्षं दौऱ्याचा विषयच मिटवून टाकला होता. 2022 मध्ये फू फायटर्स या बँडचा दिवंगत ड्रमवादक टेलर हॉकिन्स याच्या स्मरणार्थ झालेल्या मैफलींत ते दुसऱ्या ड्रमवादकांबरोबर वाजवायला उभे राहिले. पुन्हा दौरा करा, असा आग्रह तिथे खुद्द पॉल मॅकार्टनींनी धरला. ऑक्टोबर 2025 मध्ये नवा दौरा जाहीर झाला. ड्रमवर जर्मनीची आनिका निलेस, गिटारवादक जेफ बेकबरोबर दौरा केलेली. आधी 7 शहरांत 12 कार्यक्रम होते, मागणी बघून वाढवले. पहिला कार्यक्रम 7 जून 2026 चा, त्याच फोरममध्ये.

'पिअर्टशिवाय रश नाही' म्हणणारे चाहते आहेत. मला ते पटत नाही. गाणी वाजली पाहिजेत. 2020 मध्येच पिअर्टचा जुना क्रोमचा सेट लिलावात पाच लाख डॉलरला गेला. वाद्याला एवढी किंमत आली की ते काचेआड जातं आणि वाजायचं थांबतं. फक्त आनिकाबाईंनी पिअर्टच्या सामानाची नक्कल करू नये. आपलं सामान आणावं, आपल्या हातानं वाजवावं.

आणि तुम्ही रश कधीच ऐकलं नसेल, तर 1981 चं 'टॉम सॉयर' लावा. मधला कीबोर्डचा तुकडा आला की बोटांवर मात्रा मोजा. सात येतील. सात मात्रांचा रूपक ताल ठाऊक असणाऱ्यांना ते जड जाणार नाही. नमस्कार.