शाकारणी आणि ऑपेरा हाऊस

(वेंगुर्ल्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय ‘रॉयल ऑपेरा हाऊसचा जीर्णोद्धार’. मुंबईतल्या त्या जुन्या नाट्यगृहावर बोलणारच आहे. पण आधी सांगा, यंदा मे महिन्यात घर शाकारून, म्हणजे पावसाआधी छपराची कौलं नीट लावून, कोणी कोणी घेतलं? हात वर करा. सात. म्हणजे बाकीच्यांचे स्लॅब तरी आहेत, नाहीतर गडी मिळाले नाहीत. गडीच मिळाले नसावेत.

माझं एक तुणतुणं आहे. घरच्यांनी ऐकणं सोडलंय, म्हणून तुमच्याकडे आलो. इमारत डोक्याकडून मरायला लागते. भिंती जांभ्याच्या असोत की मालाडच्या दगडाच्या, त्या उभ्या राहतात. वर एक कौल सरकतं, थेंब रिपेवर पडतो, रिपेवरून वाशावर, वाशावरून भिंतीत. मग वाळवी येते. आणि पाणी जिथे गळताना दिसतं, तिथून ते शिरलेलं कधीच नसतं. हे ज्याला कळलं त्याला जीर्णोद्धारातलं निम्मं कळलं.

मला हे शिकवलं आमच्या गावच्या टॉकीजने. नाव घेत नाही, मालकांचे नातेवाईक समोर बसलेत. मूळचं ते काजूचं गोदाम. त्यात पडदा लावला, पुढे बाकडी, मागे खुर्च्या, वर पत्रे. पावसाळ्यात पत्र्यांवर असा ताशा वाजायचा की संवाद ऐकूच यायचे नाहीत. मग ज्याने तो सिनेमा मुंबईत आधी पाहिलाय असा एखादा चाकरमानी मागून मोठ्याने गोष्ट सांगायचा. तो नसला की आम्ही आपापली गोष्ट लावायचो. एका सिनेमातला खलनायक हिरोचा सख्खा मामा आहे, अशीच माझी कॉलेजात जाईपर्यंत समजूत होती.

तर त्या टॉकीजला मधोमध एक गळती होती. तिसरी ओळ, कडेपासून पाचवी खुर्ची. मी नववीत असेन. अंधारात चाचपडत तिथे बसायला गेलो तर डोअरकीपर बॅटरी मारून ओरडला, “थंय बसा नको रे झिला, थंय बालदी बसलीहा!” खरोखरच खुर्चीवर बालदी ठेवलेली. टप्, टप्. इंटरव्हलला डोअरकीपर यायचा, बालदी बाहेर ओतायचा, परत आणून बसवायचा. तिला कोणी उठवत नसे. गर्दीच्या दिवशीसुद्धा नाही. पाच पावसाळे मी त्या बालदीशेजारी बसून सिनेमे पाहिले. सहाव्या वर्षी मालकांनी गवंड्याला बोलावलं. त्याने गळतीच्या बरोब्बर वर डांबर थापलं. बालदी दोन खुर्च्या सरकली. एवढंच झालं.

पुढे टीव्ही आला, व्हिडिओ आला, टॉकीज बसलं. मालकांनी त्याचं मंगल कार्यालय केलं. पत्रे तेच. खालून पांढरीशुभ्र पीओपीची सीलिंग, त्यात गुलाबी दिवे. गावभर कौतुक! मी म्हटलं, वरचं आधी बघा. मला सांगण्यात आलं की मास्तरांना चांगलं काही बघवत नाही. तिसऱ्या पावसाळ्यात... हो, जून महिन्यात लग्न, मुहूर्तच तसा होता... पंगत बसलेली, मठ्ठा फिरतोय, आणि सीलिंगचा पाटाएवढा तुकडा जिलबीच्या परातीत. सुदैवाने कोणाला लागलं नाही. वरपक्षाने जिलबी खाल्ली नाही, ती बोलणी अजून चालू आहेत. मी जागा बघून आलो. तिसरी ओळ, पाचवी खुर्ची... बरं, बरं, सातवी म्हणा.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. मग ऑपेरा हाऊस भराभर उरकतो.

गिरगावात, चर्नी रोडजवळ. आपल्यातल्या निम्म्यांचे काका-आजोबा त्या भागात खोली करून राहिलेले, त्यामुळे पत्ता सांगत नाही. कलकत्त्याचे नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या दलालीतले जहांगीर फ्रामजी कराका, या दोघांनी ते उभारलं. कोळशाच्या दलालीत हात काळे होतात म्हणतात, इथे झुंबरं लागली. 1911 मध्ये पंचम जॉर्ज बादशहाने उद्घाटन केलं, तेव्हा बांधकाम पुरं झालेलं नव्हतं. हसू नका. आपल्या हायवेला परंपरा आहे.

बाल गंधर्व, मास्टर दीनानाथ, पृथ्वीराज कपूर तिथे रंगमंचावर उभे राहिलेत. मग सिनेमाचे दिवस आले, 1935 च्या सुमारास आतली रचना पडद्यासाठी बदलली. 1952 मध्ये गोंडलच्या राजघराण्याने ते घेतलं. 1993 मध्ये बंद पडलं, आणि बंद इमारतीत पावसाला कोणी अडवत नाही. दोन दशकांहून जास्त काळ तिथे प्रेक्षक म्हणून बहुधा पाणीच बसत होतं.

2012 मध्ये ते धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीत गेलं. वास्तुसंवर्धनकार आभा नारायण लांबा यांनी काम केलं. आधी ढाचा आणि गळती, मग नक्षी, हा क्रम. जुने फोटो बघून सज्जे, रंगीत काचा, कवींना आणि नाटककारांना वाहिलेला घुमट, सगळं परत आणलं. 2016 च्या ऑक्टोबरात पडदा उघडला. साधारण 575 खुर्च्या. पुढल्या वर्षी युनेस्कोचा पुरस्कार. झुंबरांचे फोटो सगळ्यांनी छापले. छपराचा फोटो मी अजून शोधतोय.

दुसरी चिठ्ठी. बरं, थांबतो. सावंतवाडीची शेवटची एसटी कितीची?

फक्त एक, सचिवसाहेब. त्या पंख्याच्या डावीकडे छताला तांबूस डाग आहे. उभा राहिल्यापासून मी त्याच्याकडेच बघत बोलतोय. पाणी तिथून येत नसणार. चहा होऊ द्या, पण उजेड आहे तोवर शिडी लावून वरच्या अंगाची, आढ्याजवळची कौलं बघा.