कुंपणाच्या आतलं झाड
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[रात्रीचं चित्रण, काळं-पांढरं]

डावीकडून आलेली ही हरणाची मादी बघा. कुंपणापाशी येऊन थांबली, पण एकदाही वर बघितलं नाही. मान खाली घालून, जाळीच्या खालच्या कडेला नाक लावून ती चालत राहते. माती जिथे खचली आहे, तिथे पुढचे पाय दुमडते, पोट जमिनीला घासत आत शिरते. मागोमाग पाडस.

कुंपण माणसाच्या डोक्यापेक्षा उंच आहे. उंचीवर खर्च झाला, बुडाकडे कुणी लक्ष दिलं नाही. हरिण उडी मारतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण खालून वाट मिळत असेल तर ते उडीच्या भानगडीत सहसा पडत नाही.

[जवळून: फांदीचं टोक]

सकाळी फांद्या तुटलेल्या दिसल्या की आळ येतो सशावर. ससा कोवळी काडी कात्रीने छाटावी तशी तिरकी आणि साफ तोडतो. इथे साल लोंबते आहे, तुटल्या जागी धागे निघाले आहेत. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात; तिथे कडक हिरडी असते. खालचे दात आणि ती हिरडी यांच्यात पाला धरायचा आणि हिसडा द्यायचा, ही त्याची खाण्याची रीत. शिवाय या खुणा कमरेच्याही वर गेल्या आहेत. तिथे ससा पोचत नाही.

बागेत हरिण चावत बसत नाही. भराभर ओरबाडतं, आडोशाला जातं आणि तिथे निवांत रवंथ करतं. त्यामुळे कुणाला चाहूल लागेपर्यंत वाफा रिकामा झालेला असतो. खतपाणी मिळालेली पालवी रानातल्या जून पाल्यापेक्षा मऊ आणि सकस असते. एकदा ही चव कळली की कळप त्याच वाटेने, त्याच वेळेला पुन्हा येतो. म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे: आधी कुंपण, मग कलम. सवय लागू न देणं सोपं, लागलेली मोडणं फार अवघड.

[नर खोडाला शिंगं घासताना. दृश्य न कापता]

हे चित्रण आम्ही सलग ठेवलं आहे. चितळ, सांबर, पांढऱ्या शेपटीचं हरिण यांच्या नरांची शिंगं गळतात आणि नव्याने येतात. वाढत असताना त्यांच्यावर मखमली कातडी असते, तिच्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. आतलं हाड पक्कं झालं की ही कातडी सुकते आणि नर ती घासून काढतो. पुढे माजाच्या काळातही घासणं चालू राहतं. कपाळावरच्या ग्रंथींचा वास खोडावर ठेवून इतर नरांना आपण इथे असल्याची खबर द्यायची असते. थंड प्रदेशात हे शरदात दिसतं. चितळाच्या बाबतीत मात्र ठरावीक ऋतू सांगता येत नाही.

खोड त्याने कसं निवडलं तेही बघा. गुळगुळीत सालीचं, मनगटाएवढं, खाली फांद्या नसलेलं. नुकतं जीव धरलेलं फळझाड नेमकं असंच असतं. साल चहूबाजूंनी निघाली की पानांतलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही, झाड मरतं.

[कुंपण उभारणी]

आता काम बघू. कोपऱ्याचे खांब आधी. सगळा ताण त्यांच्यावर येतो, म्हणून ते खोल गाडायचे आणि आतल्या बाजूने तिरका टेकू द्यायचा. टेकू नसेल तर ताण बसताच खांब आत झुकतो, जाळी सैल पडते, आणि सैल जाळी नाकाने सहज उचलली जाते. मोकळ्या जागेत उंची २.४ मीटर हवी. जाळी खांबांना बाहेरच्या बाजूने लावायची, म्हणजे धडक बसली तरी ती खांबावर दाबली जाते, तारा उखडत नाहीत.

या हातांकडे बघा. जाळीचा खालचा पट्टा बाहेर वळवून जमिनीवर पसरवला जातो आहे. त्यावर लोखंडी आकडे ठोकले जातात, खड्डा असेल तिथे दगड-माती भरली जाते. गवत एकदा त्यातून वर आलं की पट्टा जमिनीशी एकजीव होतो. या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि नेमकं हेच बहुतेक जण सोडून देतात.

बारीक काळी जाळी अंधारात हरणाला दिसत नाही. धावत आलेलं जनावर तिच्यावर आदळतं. म्हणून छातीच्या उंचीवर पांढऱ्या फिती बांधायच्या. आणि झाडावर नुसती टाकलेली सैल जाळी तर नकोच. शिंगं अडकली की काय होतं, ते पुढच्या दृश्यात आहे.

[काही क्षण निवेदन नाही]

जागा लहान असेल तर २.४ मीटरची गरज नाही. अरुंद वाफ्याभोवती १.५ मीटरही बऱ्याचदा पुरतं, कारण आत उतरायला जागा दिसत नसेल तर हरिण उडी घ्यायला कचरतं. हेच तत्त्व दुहेरी कुंपणाचं: १.२ मीटर उंचीच्या दोन रांगा, मध्ये तेवढंच किंवा थोडं जास्त अंतर. उंची झेपते, पण रुंदीचा अंदाज येत नाही आणि दोन रांगांच्या मध्ये अडकायची भीती वाटते.

[झटका मशीन, तारेवरची चमकती पट्टी]

तारेवर चमकत्या पत्र्याची पट्टी आणि तिच्यावर शेंगदाण्याचं लोणी. वासाने हरिण जवळ येतं, ओलं नाक टेकवतं, क्षणभराचा झटका बसतो. अंगावर दाट केस असतात, तिथे झटका नीट लागत नाही. म्हणून नाकच तारेला लागायला हवं. अर्थिंग पक्कं असावं, तारेला गवत चिकटू देऊ नये. आणि हे काम फक्त झटका मशीननेच करायचं. घरातली वीज तारेत सोडणं म्हणजे जनावराचा आणि माणसाचाही जीव घेणं आहे. तसं कुणी करत असेल तर त्याला थांबवा.

फवाऱ्यांबद्दल थोडक्यात. कुजक्या अंड्याच्या वासाचे आणि मिरचीच्या तिखटाचे फवारे काही काळ चालतात. पाऊस झाला की धुऊन जातात, नव्या फुटव्यावर ते नसतातच, आणि भुकेलं हरिण त्यांना जुमानत नाही. खायच्या फळांवर ते मारू नयेत.

[फाटक]

एवढं सगळं करून फाटकाखाली वीतभर फट राहते. फाटकही कुंपणाएवढंच उंच आणि जमिनीलगत हवं. वादळानंतर पूर्ण फेरी मारायची. जाळीवर पडलेली एक फांदी वाट करून द्यायला पुरते.

[एकेका कलमाभोवती गोल पिंजरा]

सगळ्या बागेला कुंपण शक्य नसेल तर एकेका कलमाला पिंजरा करावा. खोडापासून हातभर तरी लांब, नाहीतर बाहेर आलेलं प्रत्येक पान खाल्लं जातं. खालच्या फांद्या १.८ मीटरच्या वर गेल्या की पिंजरा काढून पुढच्या कलमाला लावता येतो. खोडाभोवतीचं वेष्टण मात्र राहू द्यायचं, खोड जाड होईल तसं सैल करत जायचं. पाला हरणाच्या तोंडापासून सुटला तरी साल अजून शिंगांच्या टप्प्यातच असते.