अठराव्या वर्षी टी.ए.मध्ये जाताना

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात टेरिटोरियल आर्मीची (टी.ए.), म्हणजे प्रादेशिक सेनेची भरती निघाली, की पोरं आदल्या रात्रीच मैदानाबाहेर पथारी टाकतात. पहाटे हाफ पँटवर रांगेत उभं राहायचं. मग 1.6 किलोमीटरची धाव, लगेच पुलअप्स, 9 फुटी खड्ड्यावरून उडी, झिगझॅग पट्टीवरून तोल सांभाळत चालणं. छाती फुगवून 5 सेंटिमीटर वाढली नाही, तर सरळ घरचा रस्ता. वयाची अट 18 ते 42. त्यामुळे कालपरवा बारावी झालेला पोरगा आणि दोन लेकरांचा बाप एकाच रांगेत दिसतात.

त्यातल्या अठरा वर्षांच्या पोराशी मला बोलायचंय. बाळा, टी.ए. ही पक्की नोकरी नव्हे. 1948 च्या कायद्यानं ही सेना उभी राहिली ती शेती, धंदा, नोकरी सांभाळून देशासाठी वेळ देणाऱ्यांसाठी. पायदळाच्या पलटणीत वर्षाकाठी साधारण दोन महिने प्रशिक्षण. तेवढ्या दिवसांचा पगार नियमित जवानाइतकाच. पण एरवी घरी बसलास तर दमडी नाही. पलटण 'एम्बॉडी' झाली, म्हणजे प्रत्यक्ष सेवेत बोलावली गेली, तरच पगार सलग चालू राहतो. गावाकडं मात्र लग्नाच्या बायोडेटावर नुसतं 'आर्मी' लिहून मोकळे होतात!

म्हणून आधी आयटीआय कर, पदवी घे, नाहीतर घरच्या शेतीत नीट लक्ष घाल. हातात काही असलं, की टी.ए. शोभते. नोकरीत असताना बोलावणं आलं, तर परतल्यावर मालकानं पुन्हा कामावर घ्यावं, अशी तरतूद कायद्यात आहे.

आणि अर्धवेळ सैनिक म्हणून धोका अर्धा, असं कुणी समजू नये. 1962, 1965, 1971 या तिन्ही युद्धांत टी.ए. होती. मे 2025 मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी 32 पैकी 14 पायदळ पलटणी बोलावण्याची मुभा सरकारनं लष्करप्रमुखांना दिली. 2019 चं मरणोत्तर अशोक चक्र लान्सनायक नझीर अहमद वानींना मिळालं, तेही टी.ए.चेच. आईवडिलांनी हे ऐकून मगच होकार द्यावा.

आता कागदपत्रं. मूळ गुणपत्रिका, रहिवासी दाखला, चारित्र्याचा ताजा दाखला, सगळं आधीच काढून ठेवा. भरतीला पैसे लागत नाहीत. 'साहेबांशी ओळख आहे' म्हणत कुणी लाखाची गोष्ट काढली, तर त्याला चहासुद्धा पाजू नका, पोलिसात कळवा.

नमस्कार.