डॉट इन की डॉट कॉम? आधी सांगा, पेट्या कुठे जाणार

नमस्कार मंडळी! देवगडचा एखादा आंबा बागायतदार वेबसाइट काढायला बसला की पहिला प्रश्न हाच: डॉट इन घेऊ की डॉट कॉम? माझा उलटा प्रश्न असतो. पेट्या कुठे जाणार? पुण्या-मुंबईलाच, की दुबई-लंडनलाही?

डॉट इन दिसलं की गूगल धरून चालतं, हे दुकान भारतातल्या लोकांसाठी आहे. पुण्यात कुणी ‘हापूस पेटी’ शोधली तर त्याचा तुम्हाला फायदा होतो. पण डॉट इन घेतलं की पहिल्या पानावर नंबर लागतो, हे आधी मनातून काढून टाका. गूगलला त्यातून फक्त देश कळतो. माल कसा आहे, ते तुमच्या पानावरच दिसायला हवं.

आता लंडनचं गिऱ्हाईकही हवंय? मग डॉट इन आडवं येतं, कारण त्यावर भारताचा शिक्का बसलेला आहे. इथे डॉट कॉम घ्या. आत प्रत्येक देशासाठी वेगळा फोल्डर करा, तिथलं चलन आणि डिलिव्हरीची माहिती द्या, आणि कुठलं पान कुठल्या देशासाठी ते सांगणारा एचरेफलँग टॅग लावा. साइटमालकांसाठी गूगलचं सर्च कन्सोल नावाचं साधन आहे, त्यात पूर्वी देश निवडायची सोय होती. गूगलनं ती २०२२ मध्ये काढून टाकली. जुन्या व्हिडिओंत अजून दिसते, शोधत बसू नका.

हवं ते डॉट कॉम मिळालं नाही की लोक डॉट को, डॉट आयओ, डॉट एआय घेतात. पहिलं कोलंबियाचं, दुसरं ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचं, तिसरं अँग्विलाचं. गूगल या तिघांना देशाशी जोडत नाही, त्यामुळे रँकिंगला धक्का नाही. मला काळजी वेगळीच वाटते. अशा दोन अक्षरी एक्स्टेन्शनचं, म्हणजे डॉटनंतरच्या शेपटीचं, नशीब त्या देशाच्या राजकारणाशी बांधलेलं असतं. युगोस्लाव्हिया फुटला आणि २०१० मध्ये त्याचं डॉट वाययू कायमचं बंद झालं. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधल्या कितीतरी लोकांची युरोपियन युनियनची डॉट ईयू नावं गेली. चागोस बेटं, म्हणजेच डॉट आयओचा तो ब्रिटिश प्रदेश, मॉरिशसला देण्याच्या करारावर २०२५ मध्ये सह्या झाल्या, तेव्हापासून डॉट आयओवाले धास्तावलेत. वर्षानुवर्षं कमावलेलं नाव अशा जमिनीवर उभं करू नका, असं मी कळकळीनं सांगतो.

आणि डॉट भारत? २०१४ पासून देवनागरीत मिळतं, मराठीतलं नाव मराठीतच लिहिता येतं. मला ते मनापासून आवडतं. पण लिंक कॉपी करून पाठवली की कित्येकदा ‘एक्सएन’नं सुरू होणारी अगम्य अक्षरं दिसतात आणि गिऱ्हाईक बिचकतं. म्हणून ते जरूर घ्या, पण मुख्य साइटकडे वळवून ठेवा.

तुमची डॉट कॉम साइट आठ-दहा वर्षं नीट चालू असेल, तर केवळ भारतातल्या रँकिंगसाठी डॉट इनवर हलवू नका. पत्ता, फोन नंबर, रुपयांतले भाव पानावर ठळक लिहा, गूगलवर दुकानाचं प्रोफाइल पूर्ण भरा. ते काम आजच होतं आणि त्याला नवं डोमेन लागत नाही.