वेकहर्स्ट: वादळानंतरचं रान

(दृश्य: ओली पायवाट, दोन्ही बाजूंना उंच झाडं. दूरवर पक्ष्यांचा आवाज.)

१५ ऑक्टोबर १९८७ ची रात्र. मध्यरात्र उलटली आणि दक्षिण इंग्लंडवर वारा तुटून पडला. पानगळ अजून व्हायची होती. आधीच्या पावसानं जमीन भिजून मऊ पडली होती. अशा वेळी पानांनी भरलेलं झाड म्हणजे वाऱ्यापुढे उभारलेलं शीडच. उजाडेपर्यंत सुमारे दीड कोटी झाडं आडवी झाली. त्यांतली जवळपास २० हजार एकट्या वेकहर्स्टच्या बागेत.

३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळानंतर कोकणात ज्यांनी आपली वाडी पाहिली, त्यांना या आकड्यामागचं दुःख समजावून सांगायला नको. काल जिथे पोफळींची सावली होती, तिथे आज डोक्यावर नुसतं आभाळ.

(दृश्य: दगडी हवेली, समोर हिरवळ.)

लंडनच्या दक्षिणेला, वेस्ट ससेक्समधल्या आर्डिंगलाय गावाजवळची ही जुनी जहागीर. हवेली १५९० ची, एडवर्ड कल्पेपर यांनी बांधलेली. झाडांचा खरा नाद मात्र जेराल्ड लोडर यांचा. १९०३ मध्ये त्यांनी ही जागा विकत घेतली आणि १९३६ मध्ये डोळे मिटेपर्यंत ते इथे देशोदेशीची झाडं लावत राहिले. त्यांचे मुख्य माळी आल्फ्रेड कोट्स. इथल्या एका रानाला आजही कोट्स यांचं नाव आहे. मालकाच्या बागेत माळ्याचं नाव टिकावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे ही जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली आणि १९६५ पासून लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानाची माणसं ती सांभाळतात.

(दृश्य: उन्मळलेल्या झाडांची जुनी छायाचित्रं.)

वादळानंतर क्यूच्या शास्त्रज्ञांनी पडलेल्या झाडांची मुळं मोजली. मोठ्या झाडाचं मूळ पाताळात जातं, असं आपण समजतो. प्रत्यक्षात बहुतेकांची मुळं खोल कमी आणि पसरट जास्त निघाली.

मग प्रश्न आला, लावायचं काय? जे पडलं तेच पुन्हा त्याच जागी लावता आलं असतं. पण इथे वेगळं ठरलं. झाडं त्यांच्या मायदेशाप्रमाणे लावायची. उत्तर अमेरिकेची हॉर्सब्रिज वुड या रानात, दक्षिण गोलार्धातली कोट्स यांच्या रानात, हिमालयातली इथल्याच 'हिमालयन ग्लेड' नावाच्या उतारावर. हौसेनं जमवलेल्या बागेतून जगाच्या समशीतोष्ण वनांचा चालता येईल असा नकाशा उभा राहिला. मला हा निर्णय जुनी बाग जशीच्या तशी उभी करण्यापेक्षा धाडसाचा वाटतो. रोप लावणाऱ्याला ठाऊक होतं, याची पुरती सावली आपल्या नशिबी नाही.

(दृश्य: भूर्जाचं खोड, अगदी जवळून.)

इथे जरा थांबू या. हे बेथलेहेम वुड. भूर्जवृक्षांचा ब्रिटनमधला राष्ट्रीय संग्रह या रानात आहे. खोडाकडे नीट पाहा. साल पापुद्र्यापापुद्र्यानं सुटते आहे. बाहेरून पांढुरकी, आतून फिकट गुलाबी, आणि तिच्यावर आडव्या बारीक रेघा, जणू कुणी आधीच ओळी आखून ठेवल्यात. हिमालयातल्या भूर्जाच्या अशाच सालीवर आपल्याकडे शतकानुशतकं पोथ्या लिहिल्या गेल्या. 'भूर्जपत्र' हा शब्द शाळेपासून ओळखीचा असतो, पण त्या पत्राचं झाड असं समोर दिसलं की हात आपोआप पुढे जातो. साल ओढायची मात्र नाही, नुसता स्पर्श पुरे.

खोडावरच्या पट्टीवर एक क्रमांक असतो. त्यातले पहिले चार आकडे म्हणजे झाड संग्रहात आलं ते वर्ष. चालता चालता ते वाचत जा. कुठलं झाड वादळाआधीचं आणि कुठलं नंतरचं, हे कुणाला विचारावं लागत नाही.

(दृश्य: काचेच्या छताची इमारत.)

२००० मध्ये याच आवारात मिलेनियम सीड बँक उघडली. जगभरातल्या रानझाडांचं बी इथे वाळवून जमिनीखालच्या तळघरात उणे २० अंशांना ठेवलेलं आहे.

(दृश्य: खडकांमधली अरुंद वाट.)

आणि ही रॉक वॉक. वालुकाश्माच्या कड्यावर यू या सूचिपर्णी जातीची म्हातारी झाडं उभी आहेत. मातीचा थर जेमतेम, म्हणून मुळं उघड्या खडकावरूनच खाली उतरलीत. मनगटाएवढी, मांडीएवढी, एकमेकांत गुंतलेली. फटीत शिरलेली, पुन्हा बाहेर आलेली. त्यांच्यावर शेवाळाची साय धरली आहे.

(दृश्य: मुळांवरून हळूहळू वर जाणारा कॅमेरा. वाऱ्याचा आवाज. निवेदन थांबतं.)