आतला फोटो, बाहेरचा फोटो

नमस्कार मंडळी! आपल्याकडे कुणाची अँजिओग्राफी झाली की भेटायला येणारा प्रत्येक जण पहिलं विचारतो, "ब्लॉक किती टक्के?" ऐंशी म्हटलं की चेहरा पडतो, साठ म्हटलं की "मग ठीक आहे हो, चहा टाका". अहो, तो आकडा बऱ्याचदा नजरेचा अंदाज असतो, त्यावर सोसायटीत चर्चासत्रं कसली भरवता!

कारण अँजिओग्राफीत दिसते ती सावली. हृदयाच्या रक्तनळीत डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं औषध, सोडायचा, बाहेरून एक्स-रे घ्यायचा, वाट कुठे अरुंद झालीय ते कळतं, पण भिंतीत चरबी आहे का कॅल्शियम, ते सावलीत नीट कळत नाही. म्हणून आतून बघायचं. एक आयव्हस, म्हणजे कॅथेटरच्या, रक्तनळीत सरकवायच्या बारीक नळीच्या, टोकाशी बसवलेली चिमुकली सोनोग्राफी, आणि दुसरं ओसीटी, ते प्रकाशावर चालतं आणि खूपच बारीक दाखवतं. पण आत दिसलं ते नक्की कुठल्या जागेचं, ते कसं कळणार?

आता किस्सा, जो मी सांगितल्याशिवाय राहणार नाही. साल 1929, जर्मनीत बर्लिनजवळचं एबर्सवाल्ड, तिथे वेर्नर फोर्समन नावाचा जेमतेम पंचविशीतला डॉक्टर. याच्या डोक्यात खूळ, की हाताच्या शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत न्यायची. साहेब म्हणाले, अजिबात नाही. पण निर्जंतुक सामानाची जबाबदारी गेर्डा डिटझेन या नर्सबाईंकडे, तर याने त्यांनाच पटवलं, इतकं की त्या म्हणाल्या माझ्यावरच करा. याने त्यांना टेबलावर झोपवून हातपाय बांधले, त्यांच्या हाताला आयोडीन चोळलं, आणि तिकडे गुपचूप स्वतःच्या डाव्या हाताची शीर उघडून युरॉलॉजीवाल्यांची लांब नळी आत सरकवली! बाईंना कळलं तेव्हा त्या भडकल्या, पण आता करता काय, त्यांना सोडवलं आणि दोघं जिने उतरून एक्स-रेच्या खोलीत, नळी तशीच शिरेत. तिथे बाईंनी आरसा धरला, हा पडद्यावर बघत बघत नळी पुढे ढकलतोय, एक सहकारी ती उपटायला धावला तर त्याला म्हणे नडगीवर लाथा घातल्या. शेवटी टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचलं आणि याने फोटो काढून घेतला. 1956 ला नोबेल मिळालं, आणखी दोघांबरोबर. त्यात गेर्डाबाई नाहीत, आणि हे मला अजून खटकतं, आरसा कुणी धरला होता!

पण बघा, नळी त्याच्याच अंगात होती, तरी टोक कुठे पोचलंय ते कळायला बाहेरचा एक्स-रे लागलाच. आतला फोटो सांगतो काय आहे, बाहेरचा सांगतो कुठे आहे. परत सांगतो, आतला काय, बाहेरचा कुठे.

हे दोन्ही जुळवणं म्हणजे को-रजिस्ट्रेशन. आयव्हसचा कॅथेटर मोटरने ठरावीक वेगाने, सेकंदाला अर्धा किंवा एक मिलिमीटर, मागे ओढतात. त्यावरची धातूची खूण एक्स-रेत दिसते, कॉम्प्युटर तिचा माग काढतो. आणि एसटीत रात्री डुलकी लागली की आपण फाट्यावरून ओळखतो ना कुठवर आलो, तसे इथे रक्तनळीचे फाटे, आतल्या फोटोत फाटा दिसला की बाहेरच्या फोटोत तोच शोधायचा. मग आतल्या चित्रावर क्लिक केलं की अँजिओग्रामवर ठिपका उमटतो, बस, स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी जाळी, इथून इथपर्यंत.

हे नसलं तर काय होतं? बघणाऱ्याच्या दिशेने वळलेली रक्तनळी सावलीत आखूड दिसते, स्टेंट तोकडा निवडला जातो, त्याचं टोक चरबीतच टेकतं, आणि पुढे त्याच जागी परत अडचण.

सगळं सुटलंय असं मात्र नाही. हृदय सतत हलतं त्यामुळे कॅथेटरही पुढेमागे होतो, वर तो आत स्वतःभोवती फिरला तर चित्रातली वरची बाजू नक्की कुठली, हे ठरवायला परत फाटेच बघावे लागतात. आणि खर्च! स्टेंटच्या किमती सरकारने 2017 ला बांधल्या, पण हा आतून बघायचा कॅथेटर वेगळाच पडतो, म्हणून अँजिओप्लास्टी ठरली असेल तर "आतून बघणार का, आणि त्याचे किती?" हे आधीच विचारून ठेवा.