आजोबांचा आवाज

(बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादून.)

मंडळी, आज गेलेल्या नटांविषयी बोलायचं आहे. त्यांची चरित्रं सांगत बसणार नाही, ती तुम्हाला वाचायला मिळतील. मालिकेतलं पात्र लेखक जन्माला घालतो, पण ते वाढतं नटाच्या अंगावर आणि बघणाऱ्यांच्या घरात. ते कसं वाढतं, एवढंच सांगते.

गुंड्याभाऊ मला पहिल्यांदा भेटला तो पुस्तकांच्या कपाटात. चिं. वि. जोशींचा तो सोटेवाला, दणकट, मनाने सरळ माणूस. प्रत्येक वाचकाने तो आपापला रंगवलेला असायचा. माझा गुंड्याभाऊ आमच्या गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांसारखा दिसायचा. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका आली तेव्हा आमच्या घरी टीव्ही नव्हता. पुष्कळ वर्षांनी बाळ कर्वे यांना त्या भूमिकेत पाहिलं आणि आमचे वस्ताद कायमचे पुसले गेले. आता तेच पुस्तक उघडलं तरी वाक्यं कर्व्यांच्या आवाजात येतात. कर्वे 2025 च्या ऑगस्टमध्ये गेले, पंचाण्णव वर्षांचे होऊन.

आर. के. नारायण यांच्या कथांवरची ‘मालगुडी डेज’ मालिका मात्र आपण सगळ्यांनी पाहिली, कानडी घरांनी आणि मराठी घरांनीही. तिचे दिग्दर्शक शंकर नाग होन्नावरचे, तरुणपणी मुंबईत मराठी रंगभूमीवर वावरलेले. नारायण यांचं कल्पनेतलं गाव मालगुडी त्यांनी कर्नाटकातल्या आगुंब्याला उभं केलं. त्यातल्या स्वामी या शाळकरी पोराच्या वडिलांचं काम गिरीश कर्नाडांनी केलं. ते धारवाडात शिकलेले, म्हणजे आपले शेजारीच. लहानपणी त्या वडिलांची मला भीती वाटायची. परीक्षा जवळ आली की आमच्या बाबांचाही चेहरा तसाच व्हायचा. माझी मुलं शाळेत जायला लागल्यावर ती मालिका पुन्हा पाहिली, तर त्याच करड्या नजरेत नुसती काळजी भरलेली दिसली. कर्नाडांच्या अभिनयात ती पहिल्यापासून होती. मीच तोवर स्वामीच्या शेजारून उठून त्याच्या बापाशेजारी जाऊन बसले होते. शंकर नाग 30 सप्टेंबर 1990 ला दावणगेऱ्याजवळ अपघातात गेले. बेंगळूरच्या बसने जाताना दावणगेरे आलं की अजून आत काहीतरी हलतं. कर्नाड 2019 च्या जूनमध्ये गेले.

आता माझ्या आत्तीची गोष्ट सांगते. तिच्यासाठीच मी आज बोलायला तयार झाले.

आत्ती तरणी असतानाच विधवा झाली. पुढची तीसेक वर्षं सासऱ्यांच्या धाकात गेली. चहा किती वाजता, दाराची कडी कधी लावायची, माहेरी किती दिवस राहायचं, सगळं मामंजी ठरवणार. 2019 साली झी मराठीवर ‘अग्गंबाई सासूबाई’ सुरू झाली आणि आत्तीला तिचंच घर टीव्हीत सापडलं. विधवा आसावरी, तिचा मुलगा, आणि घरभर जरब असलेले सासरे, म्हणजे मालिकेतले आजोबा. ते काम रवी पटवर्धनांचं. भारदस्त आवाज, तसाच देह. पाटील, पोलीस अधिकारी, खलनायक अशी कामं त्यांनी वर्षानुवर्षं केलेली. ‘आरण्यक’ नाटकात धृतराष्ट्र केला, आणि अनेक दशकांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर पुन्हा तोच धृतराष्ट्र उभा केला. पहिल्याच भागात आत्ती म्हणाली, “हे बघ गे, आमचे मामंजीच आले.”

सुनेच्या दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा हे आजोबा भडकणार, हे कुणीही सांगितलं असतं. ते पुढे वळणार, हेही कथेला हवंच होतं. लेखक तेवढंच लिहू शकतो. पण पटवर्धनांनी ते वळण एका प्रसंगात उरकलं नाही. आवाज तोच ठेवला, फक्त त्याच्या आधी थांबायला लागले. सुनेवर ओरडायला तोंड उघडायचं आणि क्षणभर तिच्याकडे बघत राहायचं. तो क्षण आठवड्या-आठवड्याने लांबत गेला. रोजची मालिका लांबते म्हणून आपण नावं ठेवतो, आणि पुष्कळदा बरोबरच ठेवतो. पण हट्टी म्हातारा बदलायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ फक्त रोजच्या मालिकेकडेच असतो. आत्तीचे मामंजी शेवटपर्यंत बदलले नाहीत. तिने ते बदलणं रोज रात्री, भांडी तशीच ठेवून, बघून घेतलं.

मग 2020 आलं. चित्रीकरण पुन्हा सुरू झालं, पण महाराष्ट्रात पासष्टीवरच्या कलाकारांना सेटवर येण्याची मनाई होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली. ज्येष्ठ नटांना काम हवं होतं, आणि घरोघरच्या आज्यांना मालिकांतले आपले आजी-आजोबा. सप्टेंबरमध्ये आशालता वाबगावकर साताऱ्याला ‘आई माझी काळुबाई’चं चित्रीकरण करत असताना कोरोनाने आजारी पडल्या आणि तिथेच गेल्या. ‘मत्स्यगंधा’ या संगीत नाटकात सत्यवती होऊन गायलेल्या आशालताबाई. पंचावन्नेक वर्षांनंतरही त्या उभ्या राहून काम करत होत्या, हे मला विसरता येत नाही.

डिसेंबरच्या पाच तारखेला पटवर्धन गेले. बातमी आली तेव्हा आत्ती चुलीजवळ होती. तिने दूध उतरवलं आणि म्हणाली, “मला सुतक लागल्यागत झालंय.” त्या दिवशी तिने टीव्ही लावला नाही.

पुढे ‘अग्गंबाई सूनबाई’ आली. आजोबा परतले, दुसऱ्या नटाच्या रूपात. तोही मोठाच नट. आत्तीने चष्मा पुसून बघितलं.

“ह्यो कोण?”

“आजोबाच की गं.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मला म्हणाली, “असू दे. पण ह्याला पहिल्यापासनं सगळं सांगायला पाहिजे.”